दोन तुकड्यांची डिकी: कुणाच्या कामाची, कुणाच्या डोक्याला ताप

एसयूव्हीच्या मागच्या दरवाजाचे आडवे दोन भाग असले, वरचा काचेसकट वर जाणारा आणि खालचा फळीसारखा पुढ्यात पडणारा, की शोरूममध्ये पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "वा, बसायला जागा झाली!" झाली खरी. पण त्या बदल्यात काय गेलं, ते सामान भरायला घेतल्याशिवाय कळत नाही. हाताची पोच गेली. खालची फळी साधारण ४० ते ५० सेंटीमीटर रुंद असते. ती आडवी पडली की डिकीच्या तळापासून तुम्ही तेवढे लांब उभे राहता. माझं मत सरळ आहे. ज्याला त्या फळीवर बसायचंय, तिच्यावर टेकून काही काम करायचंय किंवा लांब सामान पेलायचंय, त्यानं ही रचना जरूर घ्यावी. ज्याला रोज जड खोकी आत ढकलायची आणि बाहेर ओढायची आहेत, त्यानं हिच्या वाटेला जाऊ नये.

हिशेब करून बघा. २० किलोचं खोकं अंगालगत, कमरेपासून ३० सेंटीमीटरवर धरलं तर पाठीवर येणारा पीळ (वजन गुणिले अंतर) ६०० किलो-सेंटीमीटर. मध्ये फळी आल्यामुळे तेच खोकं ६५ सेंटीमीटरवरून उचलावं लागलं तर १३००. वजन तेवढंच, पाठीचं काम दुपटीहून जास्त. शिवाय फळीची बाहेरची कड नेमकी मांडीशी येते. तिला चिखल असला तर पॅन्टची वाट लागते. खोकं आधी फळीवर ठेवून मग सरकवायचं ही पद्धत बरी, पण सीटच्या पाठीशी जाऊन अडकलेली बॅग परत ओढताना फळीवर गुडघा टेकून आत शिरण्याशिवाय गत्यंतर नसतं.

यावर ठरलेलं उत्तर असतं की मग नुसता वरचा भाग उघडा. हलक्या सामानाला हे खरंच छान आहे. खालचा भाग भिंतीसारखा उभा राहतो, त्यामुळे वळणावर सरकलेलं सामान दरवाजा उघडताच पायावर येत नाही. एकसंध दरवाजाच्या गाड्यांमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे. पण जड सामानाला तीच भिंत आडवी येते. डिकीचा तळ जमिनीपासून ७५-८० सेंटीमीटरवर असेल तर भिंतीची कड सहज मीटरच्या वर जाते. जड खोकं आधी तिच्यावरून चढवायचं आणि मग वाकून आत उतरवायचं. म्हणजे फळी पाडली तरी पंचाईत, उभी ठेवली तरी पंचाईत.

ही अडचण कंपन्यांना ठाऊक नव्हती असं नाही. २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये लँड रोव्हरनं दरवाजा सरळ रेषेत कापलाच नाही. एका बाजूला वरचा भाग जास्त खाली आणला, म्हणजे तो उघडल्यावर त्या बाजूला भिंत बुटकी आणि हात आतपर्यंत जाणार. माझ्या मते या प्रश्नावरचं सर्वात हुशार उत्तर तेच होतं. पुढे डिस्कव्हरी ५ मध्ये त्यांनी बाहेरचा दरवाजा एकसंध केला आणि आत एक छोटी, विजेवर उघडणारी फळी दिली. ती जेमतेम २८५ मिलिमीटर बाहेर येते आणि ३०० किलो पेलते. बसायची सोय राहिली, अंतर घटलं, पाणी आणि धूळ अडवायचं काम एकाच दरवाजाकडे गेलं. (नंबरप्लेट मात्र जुन्या तिरपागड्या दरवाजाची आठवण म्हणून एका बाजूलाच ठेवली आणि त्यावरून भरपूर टीका ओढवून घेतली.)

बाकीच्यांची वाटचालही बोलकी आहे. व्होल्वो एक्ससी ९० ची पहिली पिढी, २००२ ची, दोन तुकड्यांची होती. दुसरी एकसंध झाली. टोयोटा लँड क्रूझर २०० ला दोन तुकडे होते, ३०० ला एकच. लेक्सस एलएक्स ५७० वरून ६०० वर येताना तेच झालं. उलट रेंज रोव्हरनं १९७० पासून आजतागायत ही रचना सोडलेली नाही, बीएमडब्ल्यूच्या एक्स ५ आणि एक्स ७ मध्ये ती टिकून आहे, रोल्स-रॉइस कलिननमध्ये आहे, आणि २०२५ च्या फोर्ड एक्सपिडिशनमध्ये नव्यानं आली आहे. टिकवणाऱ्यांची यादी पाहिली तर एक गोष्ट दिसते: या बहुतेक गाड्यांत मागे बसून निवांत वेळ घालवणं हा विकायचा मुद्दा आहे. नव्या रेंज रोव्हरला तर त्या फळीसाठी उशा, दिवे आणि स्पीकर मिळतात. तिथे खोकी उचलायचं काम बहुधा दुसरंच कुणीतरी करतं.

आता फायदे. मोठ्या एसयूव्हीचा एकसंध दरवाजा मीटरच्या आसपास लांब असतो. मागे भिंत किंवा दुसरी गाडी असली की तो अर्ध्यात अडतो. वरचा तुकडा जवळपास निम्मा, त्यामुळे कमी जागेत उघडतो, बुटक्या छताला थडकत नाही आणि कमी उंचीच्या माणसाचा हात बंद करताना त्याच्यापर्यंत पोहोचतो. आडोसा मात्र तेवढाच आखूड मिळतो. पावसात फळीवर बसलेल्याचे गुडघे भिजणारच.

बसण्याबद्दल बोलतोय तर फळीला धरून ठेवणाऱ्या केबलींकडे नीट बघा. सगळी मदार त्यांच्यावर आणि बिजागऱ्यांवर आहे. ८० किलोचा माणूस बिजागरीपासून ३५ सेंटीमीटरवर बसला, गाडी उंच असल्यानं पाय लोंबकळताहेत, म्हणजे सगळा भार फळीवर. केबल फळीला बिजागरीपासून ४० सेंटीमीटरवर जोडलेली आणि फळीशी ४० अंशांचा कोन करत असेल, तर दोन्ही केबलींवर मिळून सुमारे ११० किलोचा ताण येतो, प्रत्येकीवर ५५. हाच कोन २० अंशांचा असेल तर ताण जवळपास दुप्पट, प्रत्येकी १०० च्या पुढे. आणि माणूस मध्ये न बसता कोपऱ्यावर बसला तर त्यातला बहुतांश एकाच केबलीवर. दोघं धपकन बसले, मुलं उड्या मारू लागली, की हे आकडे कुठल्या कुठे जातात. म्हणून मॅन्युअलमध्ये फळीची भारमर्यादा शोधा. ती थांबलेल्या गाडीसाठी असते. फळी उघडी ठेवून, तिच्यावर वजन ठेवून खड्ड्यांतून गाडी पळवणं हा वेगळाच प्रकार आहे.

लांब पाइप किंवा प्लायवूड न्यायला फळी उपयोगी हे मान्य. पण निघण्यापूर्वी मागे जाऊन उभे राहा: नंबरप्लेट दिसते का, दिवे झाकले जातात का? प्लेट फळीवर असेल तर ती आता जमिनीकडे तोंड करून असते. कॅमेरा फळीत असेल तर तोही कामातून गेला. आणि वरचा भाग उघडा ठेवून गाडी चालवू नका, थोड्या अंतरासाठीही नाही. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि स्वतःच्याच सायलेन्सरचा धूर उघड्या मागच्या बाजूनं आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हाच कमी दाब धुळीचंही कारण. एकसंध दरवाजाला रबर बीडिंगचं एक सलग कडं पुरतं. दोन तुकड्यांत मध्ये आणखी एक आडवी फट येते आणि ती जिथे उभ्या बीडिंगला मिळते ते दोन कोपरे कायमचे कच्चे दुवे. कच्च्या रस्त्यावर पहिली धूळ तिथूनच शिरते. त्यात गंमत अशी की वरच्या भागाचं लॅच (दरवाजा पकडून ठेवणारा आकडा) खालच्या भागाच्या कडेवर बसतं. म्हणजे खालचा भाग दोन मिलिमीटर सरकला की वरचाही बिघडला. म्हणून डेंटर वरचा भाग आधी जुळवायला लागला तर त्याला थांबवा. आधी खालचा, मग वरचा. स्ट्रायकर (लॅच ज्यात अडकतं ती कडी) सैल करण्याआधी त्याच्याभोवती मार्करनं रेघ ओढायची, एका वेळी एक मिलिमीटरच हलवायचं आणि रबरी बफर (दरवाजा ज्यावर टेकतो ते गट्टू) अर्ध्या आट्यानं फिरवून पाहायचं.

फट कुठे आहे ते शोधायला कागदाची पट्टी पुरते. दर १०-१५ सेंटीमीटरवर पट्टी ठेवून दरवाजा बंद करायचा आणि पट्टी ओढायची. सहज निघून आली तिथे बीडिंग दबत नाही. मग एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्यानं पाइपनं, जोर न लावता, खालून वर पाणी सोडत जायचं. प्रेशर वॉशर नको; त्यानं चांगल्या बीडिंगमधूनही पाणी घुसतं आणि तुम्ही नको त्या ठिकाणी सीलंट लावत बसता. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ऑइल लावलं तर ते फुगतं. धुळीच्या रस्त्यावर एसीचं रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवत ठेवणं) बंद करून पंखा वाढवला तर आतला दाब थोडा वाढतो आणि धूळ बरीच कमी शिरते.

खालच्या भागात पाणी साचतं हे पुष्कळांच्या गावी नसतं. त्याच्या तळकडेला निचऱ्याची भोकं असतात, ती चिखलानं बुजतात. फळी पाडताना आतून डुचमळल्याचा आवाज आला तर समजा की पत्रा आतून गंजायला लागलाय. जुन्या रेंज रोव्हरचे मागचे दरवाजे गंजासाठी बदनामच आहेत. बारीक नायलॉनच्या पट्टीनं भोकं मोकळी करा, तारेनं खरवडू नका, आतला रंग जातो. बिजागरीच्या फटीतही खडे आणि वाळू जमते. त्यावरच फळी जोरानं पाडत राहिलं की बिजागरी हळूहळू वाकते आणि दोष बीडिंगला दिला जातो.

वायरिंगचं दुखणं एकसंध दरवाजालाही असतं, पण इथे हलणारे भाग दोन. छताजवळच्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी रोज वाकून वाकून आतल्या आत तुटतात, वरचं आवरण शाबूत दिसतं. मागचा वायपर मध्येच थांबतो, नंबरप्लेटचा दिवा लुकलुकतो, डिकी कधी उघडते कधी नाही. दरवाजा हळूहळू वर-खाली करताना दिवा लागतो-विझतो, तर दोष तिथेच. तुटलेली टोकं पिळून टेप मारणं म्हणजे पुन्हा तेच दुखणं. सोल्डर केलेला जोड ताठ होतो आणि वाकणाऱ्या जागी आला की शेजारी पुन्हा तुटतो. नळीच्या दोन्ही बाजूंना वायर कापून मधला पूर्ण तुकडा बारीक तारांच्या, सिलिकॉन आवरणाच्या वायरनं बदलायचा आणि जोड नळीबाहेर घ्यायचे.

वापरलेली गाडी घेताना खालची फळी हातानं पाडून दोन्ही लॅच एकदम सुटतात का ते पाहा. बहुतेक गाड्यांत मधल्या एका खटक्यावरून दोन्हीकडे केबल जाते. एक बाजू आधी सुटून दुसरी अडकत असेल तर रोज फळीला पीळ बसतोय. मग उघड्या फळीकडे बाजूनं बघा, दोन्ही टोकं एका पातळीत हवीत. फळी पेलणाऱ्या केबलीच्या टोकाशी तारा उसवलेल्या असतील तर दोन्ही केबली एकत्र बदला. वरच्या भागाचे गॅस शॉकरसुद्धा (त्याला वर धरून ठेवणारे दांडे) जोडीनंच बदलायचे आणि जुन्यावर छापलेला न्यूटनचा (जोराचा) आकडा पाहूनच नवे घ्यायचे.

आणि एक शोध गाडी धडधाकट असतानाच घ्या. वरच्या भागाचं विजेवरचं कुलूप दगावलं तर पुष्कळ गाड्यांत खालचा भागही अडकतो, कारण वरचा उघडल्याशिवाय खालचा खटका हाती लागत नाही. आपल्या गाडीत आतून उघडायचा खटका कुठल्या पॅनेलमागे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, मागची सीट पाडून आत जा आणि डिकी रिकामी असताना एकदा उघडून पाहा. सामानानं ठासून भरलेल्या डिकीत त्या पॅनेलपर्यंत हात जात नाही.