पद्मिनीची अर्थ पट्टी आणि आमच्याकडून राहून गेलेला जोड

सप्रेम नमस्कार. ‘अकरा दिवस गाडी अडकवली, एक पट्टी बदलून ३,८५० रुपये घेतले आणि आठवड्याच्या आत गाडी तुळजापूर रस्त्यावर रात्री बंद पडली,’ असे आपण आमच्या गॅरेजविषयी लिहिले आहे. यातली शेवटची गोष्ट आमच्या चुकीमुळे घडली. मुलाबाळांसह आपल्याला अंधारात ताटकळावे लागले, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

‘एक पट्टी’ या शब्दांविषयी मात्र सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आपली १९८४ ची पद्मिनी आमच्याकडे आली, तेव्हा दुसरीकडे बॅटरी आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) दोन्ही नवे बसवून झाले होते, तरीही इंजिन तापले की सेल्फ जड फिरत होता. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. पण सेल्फ मारताना मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरली, तेव्हा अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवे तिथे २.१ व्होल्ट दिसले. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेले असते, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी, म्हणजे अर्थ पट्टी, हीच करंट बॅटरीकडे परतण्याची मुख्य वाट. ती वरून शाबूत दिसत होती, पण थिंबलच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीच्या, आत हिरवी पडून निम्म्याहून अधिक तुटली होती आणि करंट चोकच्या केबलमधून परतत होता. केबलचे काळे आवरण वितळून आतली तार उघडी पडली होती. तो तुकडा मी अजून ठेवला आहे, आपण अवश्य पाहावा. थंड इंजिनात मीटरवर काहीच वावगे दिसत नसे, म्हणून दुपारच्या उन्हात होटगी रस्त्याला फेरी मारून आल्याबरोबर मोजावे लागे. पट्टी ३५० रुपयांचीच होती. बाकीची मजुरी दोष शोधण्याची आहे आणि ती मला आजही योग्य वाटते. मात्र अकरापैकी चार दिवस आमचा वायरमन रजेवर असल्याने गाडी नुसती उभी होती, हे आम्ही फोन करून कळवायला हवे होते.

आता त्या रात्रीविषयी. इंजिन आणि दिवे एकाच क्षणी गेले, हे आपल्याकडून कळताच मला इग्निशन स्विचमागचा मेन वायरचा जुना जोड आठवला. पूर्वी कोणी तरी तो नुसता पिळून टेप गुंडाळून ठेवला होता. तो माझ्या नजरेस पडला होता, पण तक्रार सेल्फची होती म्हणून मी तो तसाच सोडला आणि आपल्याला सांगितलेही नाही. गाडी पाहिल्याशिवाय ठाम बोलता येणार नाही, तरी तोच जोड सुटला असावा, असे मला वाटते.

आपल्याला सोयीचा दिवस कळवावा. गाडी घरून टो करून आणण्याचा खर्च आमचा. ती वायर जोड न देता सलग नवी टाकू, थिंबल दाबून वर डाख देऊ, त्याचे पैसे घेणार नाही आणि सगळी मोजमापे बिलावर लिहून देऊ. काम सुरू असताना आपण शेजारी उभे राहिलात, तर मला आनंदच होईल.