पोळ्या आम्हीच का लाटतो?

नमस्कार काका,

नाव न देता ‘रामबागेतला जुना रहिवासी’ एवढीच सही केलीत, म्हणून काका म्हणते. आम्ही ऑफिसातले काही जण दर शनिवारी इंदूरच्या एम. वाय. या सरकारी हॉस्पिटलात पेशंटसोबत आलेल्या माणसांसाठी स्वयंपाक करतो. त्याबद्दल मी इथे लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं, की पगारदार माणसांनी दोन तास पोळ्या लाटून फोटो काढण्यापेक्षा तेवढे पैसे द्यावेत, एखाद्या गरजू बाईला काम मिळेल. शिवाय कंपनी हे सगळं सीएसआरमध्ये, म्हणजे कायद्याने कराव्या लागणाऱ्या समाजकार्याच्या खर्चात, दाखवत असणार. वाचून वाईट वाटलं, पण चार दिवस विचारही केला.

आधी फोटोचं. तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर. मी टाकलेल्या फोटोत जेवण घेणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत होता आणि आम्ही त्याला विचारलंही नव्हतं. बायको वॉर्डात असलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? तो फोटो मी काढून टाकला आहे आणि यापुढे वाटपाच्या ठिकाणी मोबाइल बाहेर काढायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवलं आहे.

सीएसआरचं थोडक्यात सांगते. 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 135 मोठ्या कंपन्यांना लागू होतं. त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावे लागतात. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळाची किंमत लावून ती त्या खर्चात धरता येत नाही. आमचं ऑफिस तर त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. कणीक, डाळ, तेल, सगळं आमच्या वर्गणीतून येतं.

आता खरा मुद्दा, पैसे द्या आणि बाई ठेवा. काका, बाई आहेत. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांचा पगार आमच्याच वर्गणीतून जातो आणि स्वयंपाकघर त्यांचं आहे, आम्ही त्यांच्या हाताखाली. सोमवार ते शुक्रवार त्या एकट्या खिचडी करतात. मोठ्या पातेल्यात सव्वाशे माणसांची खिचडी एकीच्या हातून होते. पोळ्या होत नाहीत. सव्वाशे माणसांना तीन-तीन म्हणजे पावणेचारशे पोळ्या, पंधरा-सोळा किलो कणीक. दोघांनी मळायची, सहा जणांनी लाटायची, दोन तव्यांवर भाजायची, तेव्हा कुठे दोन तासांत उरकतं. पाच दिवस खिचडी खाल्लेल्या माणसाला सहाव्या दिवशी पोळी-भाजी मिळावी, एवढ्यासाठी आम्ही जातो.

ही माणसं कोण, तेही सांगते. एम. वाय. हॉस्पिटलला झाबुआ, आलीराजपूर, बडवानी, खरगोनकडून पेशंट येतात. सरकारी हॉस्पिटलात पेशंटला जेवण मिळतं, सोबतच्या माणसाने आपलं बघायचं असतं. आणि डॉक्टरांचा राउंड कधी येईल, औषध आणायला कधी सांगतील, याचा नेम नसतो, त्यामुळे तो लांब जाऊन जेवूही शकत नाही. म्हणून जेवण गेटपाशी आणि ठरल्या वेळेला पोचावं लागतं.

आमचं चुकलंही आहे. पहिल्या मे महिन्यात सकाळी नऊला खिचडी करून डब्यांत गच्च भरली आणि झाकणं लावली. गाडी अडकली, पोचायला दीड वाजला. झाकण काढलं तर आंबूस वास. चौदा किलो खिचडी फेकली आणि रांगेतल्या लोकांना केळी घेऊन दिली. नंतर कळलं, की भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही टिकतात, आणि अन्न तासन्‌तास कोमट राहिलं की वाढीला लागतात. साठ अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर दोन तासांत खाऊन संपवा. तेव्हापासून खिचडी अकराला चढते, साडेबाराला निघते. अन्नदान म्हणून कोणाच्या पोटात बिघडलेलं अन्न गेलं असतं तर, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

आणि पोळ्यांचं. आम्ही अगदी घरच्यासारख्या पातळ, मऊ पोळ्या करायचो. आलीराजपूरकडचे एक म्हातारे बाबा माझ्यासमोरच जेवायला बसले. तीन पोळ्या एकावर एक ठेवल्या, हाताने दाबून त्यांची जाडी बघितली आणि अगदी सरळपणे म्हणाले, “बेटी, ये तो एक रोटी हुई.” मग त्यातली दीड पोळी गमछ्यात बांधून वॉर्डातल्या बायकोसाठी ठेवली. मक्याच्या जाड रोटल्यावर वाढलेल्या माणसाला आमची पोळी पुरणार कशी? पुढच्या शनिवारपासून पोळी जाड झाली, सोबत कच्चा कांदा आणि हिरवी मिरची. हे चेक पाठवून घरी बसले असते तर मला कधीच कळलं नसतं. पैसे लागतातच, ते आम्ही देतो, पण तो माणूस काय खातो ते त्याच्यासमोर उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

तुम्ही लिहिलंत, ‘या हाताचं त्या हाताला कळू नये.’ मान्य. नावं कुठेच लावलेली नाहीत आणि लावणारही नाही. पण रविवारी तिथे आमचं काहीच जात नाही, मावशींची सुट्टी असते. तो दिवस भरून काढायला माणसं हवीत, म्हणून लिहिलं होतं.

या शनिवारी मक्याचं पीठ आणलं आहे. मावशी बडवानीकडच्या, त्यांना रोटला हातावर थापता येतो. आमच्यापैकी एकालाही येत नाही, त्या शिकवणार आहेत. तुम्ही याल का? सकाळी पावणेदहाला सुरू करतो. पत्ता हवा असेल तर इथेच कळवा.

तुमची,
लेखिका