त्या बोटीने काय केलं म्हणे!

आज एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "ती आयएनएस मुंबई कधी लढली तरी का? आपल्या पैशावर नुसती मिरवते." डोकंच फिरलं. लग्नघर म्हणून गप्प बसलो, इथे नाही बसणार.

माझे बाबा मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये, जिथे जहाजं बांधतात तिथे, वेल्डर होते. नौदलाच्या या विनाशिकेवर, म्हणजे मोठ्या युद्धनौकेवर, त्यांच्या हातचं काम आहे. रात्री घरी आले की डोळे चुरचुरायचे, आई पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची. १९९५ मध्ये बोट पाण्यात उतरली तेव्हा त्यांनी चाळभर पेढे वाटले. नौदलात दाखल व्हायला मात्र २२ जानेवारी २००१ उजाडलं. उशीर झाला, मान्य. सोव्हिएत युनियन कोसळलं, तिकडून येणारं सामान रखडलं. त्यात वेल्डरचा काय दोष?

जुलै २००६. लेबनॉनवर बॉम्ब पडत होते. मुंबई, ब्रह्मपुत्र, बेतवा, शक्ती या नौदलाच्या बोटी भूमध्य समुद्रातून परतीच्या वाटेवर होत्या, त्या माघारी वळवल्या. बैरूतमधून दोन हजारांवर माणसं सायप्रसला पोचवली, त्यात श्रीलंकेचे, नेपाळचेही होते. बाबांनी पेपरात नाव वाचलं आणि म्हणाले, "आमची बोट आहे ही." डोळे तेव्हाही लाल होते, पण वेल्डिंगने नव्हे.

एप्रिल २०१५, येमेन. एडन बंदरात गोळीबार चाललेला, १६३ मीटरची बोट धक्क्याला लावणं शक्यच नव्हतं. ती बाहेर समुद्रात उभी राहिली. छोट्या होड्यांतून बायका-पोरं, म्हातारी माणसं तिच्यापर्यंत आणली. चारशेच्या वर जीव, कितीतरी परक्या देशांचे. सगळे जिबूतीला सुखरूप उतरवले.

क्षेपणास्त्रांची बोट माणसं आणायला बांधत नाहीत, हेही खरं. त्यासाठी कवरत्ती आणि कोरल्स ही प्रवासी जहाजं गेलीच होती. पण चाच्यांच्या त्या समुद्रात त्यांच्या सोबतीला कोण होतं? मुंबई आणि तर्कश या युद्धनौकाच ना? आणि हे म्हणतात मिरवते!

असो. राग ओसरला थोडा. त्या काकांना कुणी सांगितलंच नसेल हे सगळं. डागडुजी होऊन बोट २०२३ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमला गेली, बाबांना तेवढी चुटपुट लागून राहिलीय. नौदल सप्ताहात मुंबईत दुसऱ्या युद्धनौका लोकांना बघायला खुल्या करतात. काकांना मी स्वतः घेऊन जाईन, बाबांनाही. काका, काय विचारायचं ते बाबांनाच विचारा.