बस ना भो!

खान्देशात माणूस भेटला की दोन वाक्यं ठरलेली. "ऊन काय पडलंय!" आणि "बस ना भो!" पहिल्याशी माझ्या गुडघ्यांचं वैर नाही. दुसरं मात्र जिवावर येतं, कारण आपल्याकडे 'बस' म्हणजे खाली बस.

चालायला ना नाही. जळगावच्या मेहरूण तलावाकाठी रोज सकाळी 40 मिनिटं चालतो. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्याला लावून गुडघ्यांच्या झिजेची चारातली तिसरी पायरी सांगितली. (शाळेत इतका वर नंबर कधी आला नव्हता.) हाडांमधली मऊ गादी, म्हणजे कूर्चा, झिजली ती परत येणार नाही, पण मांडीचे स्नायू बळकट केले तर बरंच ओझं ते पेलतील आणि नुसतं बसून राहिलात तर सांधा आणखी आखडेल, असं त्यांचं म्हणणं. जाताजाता म्हणाले, "एक किलो वजन उतरलं, की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी उतरतो." हा हिशेब डोक्यात पक्का बसला. त्या दिवसापासून शेवभाजीवरची तर्री माझ्या वाटीत येईनाशी झाली.

व्यायामही करतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. असं दहा वेळा. मग उठताना गुडघ्यातून कटकट आवाज येतो. नातू शेजारच्या खोलीतून ओरडतो, "आजोबा, एकटेच शेंगा खाताय?"

जिन्याचा नियम सोपा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. पण दोन्ही दुखत असले की आज चांगला कोणता? भुसावळच्या पुलावर हे ठरेपर्यंत गाडी खंडव्याला पोचते.

खरी परीक्षा थंडीतली. भरीत पार्टी! शेतात कपाशीच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजली जातात, लाकडी बडगीत ठेचली जातात, हिरव्या मिरचीचा ठसका नाकात जातो, आणि केळीच्या पानांची पंगत मातीवर मांडली जाते. गेल्या वर्षी मी हौसेने खाली बसलो. बसलो म्हणजे शेवटचा वीतभर पडलोच. उठताना आधी पालथा झालो, मग रांगलो, मग लिंबाच्या बुंध्याला मिठी मारली. मित्र म्हणाले, "झाडाला काय सांगून राहिला भो?"

यंदा लाज सोडून घरून प्लास्टिकची खुर्ची नेली. सोळा जण खाली आणि मी वर, प्रमुख पाहुण्यासारखा. पान मांडीवर. वाढणाऱ्याची नजर जमिनीला, त्यामुळे भरीत दोनदा माझ्या पायांवरून पुढे गेलं. चेष्टा तर विचारू नका. "सत्कार कधी आहे?" इथपासून सुरुवात.

जेवणं झाली. पानं उचलायची म्हणून एकाने उठायचा प्रयत्न केला, "आई गं" म्हणाला आणि माझ्या खुर्चीचा हात धरला. मग दुसऱ्याने दुसरा हात. तिसऱ्याने पाठ. गुडघ्यांची कटकट चारी बाजूंनी सुरू झाली. मी हात धुवायला म्हणून जरा हललो, तर सगळे एकदम ओरडले:

"उठू नको भो! खुर्ची उलटेल!"