दयेला पात्र व्हा!

स्टँडअप करायचंय म्हणता? आणि तेही व्हीलचेअरवर बसून? अहो, मग तर काम सोपंच आहे. विनोद लिहायचीसुद्धा गरज नाही. माइक हातात घ्या, जरा गहिवरल्यासारखं करा आणि "मी हरलो नाही" म्हणा. हशा पिकणार नाही, पण रुमाल निघतील, आणि आयोजकाला तेच हवं असतं.

पथ्य एकच. त्या बार्बरा लिसिकीच्या वाटेला जाऊ नका.

लंडनची ही बाई. ब्रिटनमधली पहिली अपंग स्त्री स्टँडअप म्हणून तिचं नाव घेतात. बरं चाललं होतं की! पण तिला भेटला ॲलन होल्ड्सवर्थ, 'जॉनी क्रेसेंडो' या नावानं गाणी म्हणणारा, आणि दोघांनी मिळून चांगुलपणाशीच वैर धरलं. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर तेव्हा टेलेथॉन असायचा, म्हणजे देणग्या गोळा करणारा मॅरेथॉन कार्यक्रम. सलग २७ तास नाच, गाणी, नामांकित मंडळी, आणि मधूनमधून एखादं केविलवाणं अपंग पोर. लोक डोळे पुसत फोन करून पैसे द्यायचे. यात वाईट काय, सांगा! तरी १९९० मध्ये यांनी निदर्शनं केली. १९९२ च्या जुलैत पुन्हा, आणि या खेपेला थेम्सकाठच्या स्टुडिओबाहेर हजारावर माणसं. अंगात टीशर्ट, त्यावर 'पिस ऑन पिटी'. याचं मराठी मी करून पाहिलं, पण 'दयेवर मुता' हे फॅमिली ग्रुपवर टाकणार कसं? टेलेथॉन त्यानंतर पुन्हा झालाच नाही. एवढा गोड कार्यक्रम!

तेवढ्यानं भागेना म्हणून १९९३ मध्ये 'डॅन', म्हणजे डायरेक्ट ॲक्शन नेटवर्क. ही माणसं स्वतःला बेड्यांनी बसला जखडून घ्यायची. आम्हाला चढता येत नाही ना, मग बसही हलायची नाही, असा हिशेब. पोलीस पकडायला येत, आणि मग लक्षात येई की व्हीलचेअर पोलिसांच्या गाडीतही चढत नाही. आरोपी रस्त्यावर निवांत, हवालदार डोकं खाजवतोय. तिकीट नाही, नाट्यगृह नाही, हा काय विनोदाचा प्रकार झाला?

घरच्यांनाही सांगून ठेवा. १९९४ मध्ये अपंगांच्या नागरी हक्कांचं विधेयक ब्रिटिश संसदेत बोलबोलून, वेळ संपवून मारलं गेलं. अपंगांच्या प्रश्नांचे मंत्री होते निकोलस स्कॉट. त्यांची मुलगी अपंगांच्या हक्कांसाठी काम करायची. तिनं वडिलांचाच राजीनामा मागितला. त्या रात्री घरी जेवायला कोण कोणासमोर बसलं असेल, हा मला पडलेला अस्सल मराठी प्रश्न. पुढच्याच वर्षी सरकारनं स्वतःचा कायदा आणला, तर 'डॅन'वाले म्हणाले, अपुरा आहे. आभार मानायची पद्धतच नाही.

आपल्याकडे तसं नाही. २०१५ च्या डिसेंबरापासून आपल्याला 'दिव्यांग' हा शब्द मिळालाय. रॅम्पपेक्षा पुष्कळ स्वस्त, शिवाय सिमेंट लागत नाही.

तेव्हा रविवारचा कार्यक्रम घ्याच. स्टेजला पाच पायऱ्या आहेत, पण चार कार्यकर्ते खुर्चीसकट उचलतील. त्या वेळी तेवढा विनोद करू नका, हसू आलं की पोरांचे हात सुटतात. आणि तिसऱ्या पायरीवर जरा वेळ तसंच अधांतरी थांबायचं. फोटोग्राफर चहाला गेलाय.