वारसा जपा, घरच्या घरी

आधी एक नियम पाठ करा. अभिमान बाळगायचा इतिहास किमान दोन हजार वर्षं जुना असावा. त्याहून अलीकडचा गळतो.

आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांचंच बघा ना. २४ लेणी, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख, क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाची दानं, सगळं पाषाणात. तिथे कौलं फेरायची नाहीत की भाऊबंदांच्या सह्या गोळा करायच्या नाहीत. पुण्याचे पाहुणे आले की त्यांना पायऱ्या चढवायच्या, अर्ध्यात धाप लागली की तिथूनच हात करून "सातवाहनांच्या काळातलं आहे बरं का" म्हणायचं आणि खाली येऊन मिसळ खायची. पंचवटी तर थेट त्रेतायुगातली, तिचा खर्च त्याहून कमी. तुमचा जुन्या नाशकातला, तिवंध्याजवळचा वाडा मात्र जेमतेम दोनशे वर्षांचा, आणि माळ्यावर बादल्या मांडाव्या लागतात त्या त्याच्यापायी.

तेव्हा असा वाडा वाट्याला आला असेल तर पहिली दहा वर्षं काहीही करू नये. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सतरा नावं असतातच. तिघे परदेशात, दोघे स्वर्गात, आणि उरलेल्यांतले निम्मे निम्म्यांशी बोलत नाहीत. खालचा भाडेकरू आजोबांच्या काळातलं भाडं मनिऑर्डरने पाठवतो आणि तुम्ही ते बाणेदारपणे परत करता. एवढ्यात पावसाळा तोंडावर येतो आणि धोकादायक घराची नोटीस दारावर डकवली जाते. नेमकी गणेशपट्टीवर. ती काढायला जाऊ नका, नोटिशीबरोबर गणपतीचं नाक येतं.

अगदीच जीव तुटत असेल तर सिमेंट वापरा. जुन्या भिंतीचा चुना दगडी घाण्यात मळलेला असायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलाचा गर. एवढा मालमसाला आपण डिंकाच्या लाडवातही घालत नाही. अशी भिंत ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडून देते. तुम्ही तिला बाहेरून गुळगुळीत सिमेंट चोपडलं की ओल आत कोंडते, वाट शोधत लाकडात शिरते, आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक आतल्या आत कुजतं. आमच्या गवंड्याने एकदा करणीचं टोक तिथे घातलं, तर भुसा चहात बुडवलेल्या टोस्टसारखा हातात आला. तो म्हणाला, "काका, बाहेरून मात्र झकास दिसतंय." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे समारंभात उपयोगी पडतं.

मग लाकूड विका. जुन्या सागवानाचा व्यापारी टेप घेऊन येतो आणि घनफुटावर बोलतो. इथे एक बारकावा सांगतो, कुठे छापून येत नाही. कोरीव खांबाला त्याच्याकडे भाव कमी. नक्षी जितकी खोल, तितकी फळी कमी निघते, म्हणून कमळाच्या पाकळ्या तो वजावटीत धरतो. आमच्या चौकातले सहा खांब दुपारी तीन वाजेपर्यंत टेम्पोत गेले. पावती मागायची नसते, वाईट दिसतं.

आता वस्तुसंग्रहालयं. ती गावात असणं फार चांगलं, कारण मग आपल्याला जायला नको. सराफ बाजारातल्या पेशवेकालीन सरकारवाड्यात राज्य पुरातत्त्व खात्याचं प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. पण रिक्षात बसून "सरकारवाडा" म्हणा, रिक्षावाला त्याच नावाच्या पोलीस ठाण्याकडे वळतो आणि आरशातून तुमच्याकडे काळजीने बघतो. आपण आयुष्यभर त्या भिंतीला टेकून सोन्याचा भाव विचारला, आत काय आहे हे विचारलं नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, त्याचंही वस्तुसंग्रहालय आहे. आपण तिथे दिवाळी अंकांपुरते जातो. अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आणि तिचं संग्रहालय १९८० पासून आहे, आणि श्रावणी सोमवारी आपण त्र्यंबकला तिच्यावरूनच जातो. थांबू नये, गर्दी वाढते.

नारोशंकराची घंटा ही गोष्ट मात्र आपण उत्तम जपली आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा गोदाकाठच्या देवळावर आहे हे माहीत असो-नसो, सासूने सुनेला किंवा सुनेने सासूला "नारोशंकराची घंटा" म्हणायचं कुणी विसरलेलं नाही. संवर्धन म्हणतात ते हेच. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीचंही तसंच. पुराचं पाणी कुठवर आलं हे त्याच्या कमरेवरून, छातीवरून ठरतं, आणि त्या वेळी पुलावर जेवढी माणसं जमतात तेवढी कुठल्याही वस्तुसंग्रहालयाने वर्षभरात पाहिली नसतील.

जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापर्यंतचे वस्तीचे थर निघाले. आता पुढचं उत्खनन दर जुलैत पाऊस करतो. त्याला परवानगी लागत नाही.

राहता राहिला तुमचा स्वतःचा वारसा. फ्लॅटच्या दिवाणखान्यात तांब्याचा बंब ठेवा, त्यात मनी प्लँट लावा. माळ्यावर सापडलेला अडसर टीव्हीखाली आडवा टाका. खरा वाडा बघावासा वाटला तर रविवारी शहराबाहेर, द्राक्षबागांच्या बाजूला जा. तिथे मिसळ मिळते, बैलगाडी असते आणि चौक असतो. हॉटेलमालकाने तो खास बांधून घेतलेला असतो.

मी गेलो होतो. टेबलाशेजारी खांब होता, कमळाच्या पाकळ्यांचा, त्याला नुकतं पॉलिश मारलेलं. जमिनीपासून हातभर उंचीवर त्याला गोल खाच होती, आतून काचेसारखी गुळगुळीत. आमच्या सोप्यातला घुसळखांब होता तो. रवीची दोरी फिरून फिरून पडलेली खाच. आजीच्या आधी तिची सासू, तिच्या आधी कोण ते आमच्या घरी कुणी विचारलं नाही. लहानपणी त्या खाचेत माझा अंगठा बरोबर बसायचा. आता बसत नाही.

वेटर पोरगा पलीकडच्या टेबलाला माहिती देत होता. हा तलवारीचा घाव आहे म्हणाला, पेशव्यांच्या लढाईतला. त्या मंडळींनी आळीपाळीने खाचेत बोट घालून फोटो काढले.

असं काही झालं तर दुरुस्त करायला जाऊ नका. ताकाच्या दोरीसाठी एवढ्या लांब कोण येणार? मी दोन जादा पाव सांगितले. त्यांनी मोबाईल पुढे केला, "काका, सगळ्यांचा एक काढाल का? खांब पूर्ण येऊ द्या."

पूर्ण आणला.