डीव्हीडीचा टोलनाका

ज्या कोल्हापूरनं आंदोलन करून टोलनाके उठवले, त्याच गावात टीव्हीखालच्या कप्प्यात डीव्हीडी रेकॉर्डर नावाचा एक टोलनाका वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू आहे. न्यू जर्सीच्या दाजींनी पाठवलेली डिस्क ट्रेवर ठेवायची. ट्रे ती रुबाबात आत घेतो, पोटात थोडी घरघर होते आणि पडद्यावर पाटी येते: ‘राँग रीजन’, म्हणजे चुकीचा प्रांत. आबा खुर्ची पुढं ओढून बसलेले असतात.

‘काय म्हणतंय ते?’

‘डिस्क अमेरिकेची हाय म्हणतंय, आबा. हितं चालणार न्हाई.’

‘दाजी बी अमेरिकेचाच हाय की. त्याला ताट वाढतोयच न्हवं आपण?’

मुद्दा बिनतोड आहे, पण रेकॉर्डर ऐकत नाही. डीव्हीडी १९९६ साली जपानात बाजारात आली ती पृथ्वीची वाटणी सोबत घेऊनच. अमेरिका आणि कॅनडा १ नंबर. युरोप, जपान, शिवाय दुबई-मस्कत २. सिंगापूर-हाँगकाँगकडचा पट्टा ३, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका ४, चीन एकटाच ६. आठवा नंबर विमानांना नि जहाजांना, आणि सातवा राखीव ठेवला. आपण पाचव्या पंगतीत, रशिया आणि बहुतेक आफ्रिकेच्या मांडीला मांडी लावून. सिनेमा आधी अमेरिकेच्या थिएटरात लागायचा, आपल्याकडं काही महिन्यांनी. मधल्या काळात तिकडची डिस्क इकडं आली तर थिएटरवाल्यानं माशा मारायच्या काय, म्हणून ही नाकाबंदी. आता मोठा सिनेमा बहुतेक सगळीकडं एकाच सुमारास लागतो, पण ही बातमी रेकॉर्डरपर्यंत पोचलेली नाही.

कुलूप म्हणाल तर एका बाइटचं. डिस्कवरच्या एका फाइलीत आठ बिट, म्हणजे चालू-बंद अशा आठ खुणा असतात, एका प्रांताला एक. बिट चढवलेला असेल तर त्या प्रांताला बंदी. डिस्कच्या डबीच्या पाठीवर पृथ्वीच्या गोळ्यात जो आकडा छापलेला दिसतो, तो ह्याच बिटांचा जाहीरनामा. तसाच गोळा रेकॉर्डरच्या मागच्या पत्र्यावरही असतो. तो वाचायला मात्र मशीन भिंतीपासून पुढं ओढावं लागतं आणि मागून गणपतीपासूनचं जळमट, दोन गोट्या आणि हरवलेलं पेनाचं टोपण निघतं. निघू द्या. गोळा वाचा, आणि त्याच्या खालचा मॉडेल नंबर शेपटीसकट उतरवून घ्या. शेवटची दोन अक्षरं बदलली की आतली भानगडच बदलते, आणि लोक नेमकी तीच गाळतात.

मशीनही तिकडूनच आलेलं असेल तर त्याच पत्र्यावर व्होल्टेज बघा. १०० ते २४० लिहिलं असेल तर निर्धास्त राहा. नुसतं १२० लिहिलं असेल आणि कुणी उत्साहानं आपल्या २३० च्या सॉकेटात पिन खुपसली, तर ‘फट्’ असा एकच शब्द बोलून ते मशीन मौनात जातं. त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो.

आता पाटीकडं वळू. ‘राँग रीजन’ किंवा ‘चेक रीजनल कोड’ ही खरं तर शुभवार्ता आहे. लेझरनं डिस्क वाचली, फाइल उघडली, बिट तपासले आणि मगच नकार दिला, म्हणजे यंत्र ठणठणीत आहे, फक्त हट्टी आहे. ‘नो डिस्क’ आलं तर ती वेगळी व्याधी. तिथं प्रांताचा काही संबंध नाही, लेन्सवर धूळ किंवा आपल्या पावसाळ्याची बुरशी असणार. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून लेन्स हलक्या हातानं पुसायची. दाढीनंतरचं लोशन चालत नाही, सुवास कितीही चांगला असला तरी.

नकाराची खात्री पटली की रिमोट. इथं मूळ रिमोटच लागतो. सेलोटेप गुंडाळलेला, पाठीचं झाकण हरवलेला असला तरी तोच. बाजारातल्या जेनेरिक रिमोटवर ‘सेटअप’चं बटण नसतं, किंवा असून भलतंच काही करतं. रिमोट जिवंत आहे का बघायचं तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्याच्या नाकासमोर धरा आणि बटण दाबा. जांभळट ठिणगी दिसली तर सेल बरे आहेत.

मग येतात हे कुलूप उघडणारे गुप्त आकडे. एलजीच्या काही जुन्या मॉडेलांत डिस्क काढून घ्यायची, सेटअप दाबायचं, ३१४१५९ टाइप करून एंटर. पडद्यावर एक आकडा येतो, तो बाणाच्या बटणानं शून्यावर (म्हणजे सगळे प्रांत खुले) आणायचा, पुन्हा एंटर, मशीन बंद करून परत चालू. आकडा ओळखीचा वाटला ना? शाळेत ज्याच्यावरून छड्या खाल्ल्या तो वर्तुळाचा पाय (π), दशांश चिन्ह गाळून. फिलिप्सच्या काही प्लेअरांत सेटअपमधून प्रेफरन्स पानावर जाऊन १३८९३१. सॅमसंगच्या काहींत ट्रे रिकामा ठेवून आधी रिपीट दाबायचं, मग पाच आकडे, शेवटी ९. हे सगळं एका दमात टाइप करायचं असतं. मध्ये ‘अगं, चहा टाकलास का?’ एवढं विचारलं तरी मशीन सोडून देतं आणि पहिल्यापासून सुरू.

ही झाली प्लेअरांची गोष्ट. रेकॉर्डरचं खानदान वेगळं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात कॉम्प्युटरसारखाच डीव्हीडी रायटर बसवलेला असतो, म्हणजे दारात दोन वॉचमन: एक मेन बोर्डवर, एक ड्राइव्हमध्ये. मेनूतून बोर्डचा वॉचमन पटवला तरी आतला अडवतो. मेनूत शून्य दिसतो, डिस्क मात्र चालत नाही, आणि बघणारे म्हणतात, ‘कोड चुकला असणार.’ कोड बरोबर असतो, दुसऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. काही कंपन्यांच्या रेकॉर्डरना तर सर्व्हिसवाल्यांचा खास रिमोटच लागतो, घरच्या रिमोटवर कितीही तबला वाजवा.

कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा नियम आणखी मजेशीर. २००० सालापासूनच्या ड्राइव्हना प्रांत बदलायला पाच संधी मिळतात. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, डीव्हीडी ड्राइव्ह, प्रॉपर्टीज, डीव्हीडी रीजन असं आत गेलं की किती उरल्या ते दिसतं. पहिली संधी दाजींच्या डिस्कसाठी खर्च होते, दुसरी परत ५ वर आणायला, तिसरी मेलबर्नच्या भाचीसाठी, चौथी परतीची. पाचवी, ‘बघू तरी काय होतंय’ म्हणून. पाचवीनंतर जिथं आहे तिथंच ड्राइव्हचा मुक्काम कायमचा. तेव्हा कॉम्प्युटरवर बघायचंच असेल तर प्रांताला हात न लावता व्हीएलसी हा प्लेअर प्रोग्रॅम लावा. पुष्कळदा तो प्रांताच्या पाटीकडं ढुंकूनही न बघता डिस्क चालवतो.

फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या पोटातला प्रोग्रॅम, बदलणं हा शेवटचा उपाय. त्याच मॉडेलची फाइल सीडी-आरवर कमी वेगानं बर्न करायची, ट्रेमध्ये ठेवायची आणि मशीन ‘अपडेट’ म्हणत असताना कशालाही हात लावायचा नाही. त्या काही मिनिटांत लाईट गेली तर रेकॉर्डरचा पाट होतो. जुलै महिन्यात, रंकाळ्यावरून ढग चालून येत असताना इन्व्हर्टरशिवाय हा उद्योग करू नये.

ह्या टप्प्यावर घरात दोन आवाज उठतात. एक म्हणतो, ‘राजारामपुरीत एकजण हाय, पाच मिनिटांत करून देतो.’ गल्ली कितवी विचारा: एकाच्या मते चौथी, दुसऱ्याच्या मते नववी, आणि तो माणूस नेमका दोन वर्षांपूर्वी मोबाइलकडं वळलेला असतो. दुसरा आवाज स्क्रू ड्रायव्हर मागतो. बाबूराव पेंटरांनी ह्याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, हे खरंच आहे. पण त्यांच्या कॅमेऱ्यात एसएमपीएस, म्हणजे विजेचा स्विचिंग पॉवर सप्लाय, नव्हता. रेकॉर्डरच्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीवर, सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ दबा धरून बसतो. रीजनसाठी झाकण उघडू नका. मशीन चालूच होत नसेल, आत कपॅसिटरची टोपी फुगलेली असेल, तर उघडण्यात अर्थ आहे: तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (म्हणजे क्षमतेचा), व्होल्टेज तितकंच किंवा जास्त, १०५ डिग्रीचा नवा बसवायचा. आणि तेही ज्याचा हात बसलाय त्यानं.

समजा, शून्य जमला, तरी अमेरिकेच्या काही डिस्क महाबेरकी असतात. त्या यंत्राला आत गेल्यावर पुन्हा विचारतात, ‘पाव्हणं, गाव कंचं?’ शून्यवाल्याला धड उत्तर देता येत नाही आणि पडद्यावर जगाचा नकाशा काढून समज दिली जाते. तिथं शून्याचा हट्ट सोडून सरळ १ टाकायचा. सगळीकडचे असण्यापेक्षा तेवढ्यापुरतं अमेरिकेचं व्हावं.

डिस्क सुरू झाली आणि चित्र काळं-पांढरं दिसलं किंवा वरखाली लोळू लागलं, तर रिमोट आपटू नका. चित्राच्या पद्धती दोन. आपली नि ऑस्ट्रेलियाची पाल, म्हणजे ५७६ ओळी नि सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिका-जपानची एनटीएससी, ४८० ओळी नि तीसच्या किंचित खाली. रेकॉर्डरच्या सेटअपमध्ये टीव्ही सिस्टिम ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ करा. जुना डबा टीव्ही असेल तर त्याच्याही मेनूत बघा. नवीन एलसीडी बहुतेक वेळा निमूट दोन्ही घेतो.

आणि एक सगळ्यात मोठा गैरसमज. मेलबर्नच्या भाचीनं घरच्या रेकॉर्डरवर बाळाच्या बारशाची डिस्क केली आणि ती इथं लागत नाही, म्हणून इथं लोक आकडे बडवत बसतात. घरी केलेल्या डिस्कला प्रांतबंदी नसतेच. तिकडं ‘फायनलाइज’, म्हणजे दुसऱ्या मशीननाही वाचता येईल अशी डिस्क पक्की, करायचं राहिलेलं असतं. ते काम ज्या मशीननं डिस्क लिहिली त्यानंच करावं असं बघायचं, आणि ते मशीन भाचीनं घर बदलताना भंगारात दिलेलं असतं. मग कॉम्प्युटरवर आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम लावून आतलं रेकॉर्डिंग उपसून काढावं लागतं. निघतं. बाळ तोवर शाळेत जायला लागलेलं असतं, एवढंच.

तर प्रांत पटला, रंग आला, आवाज स्पॅनिशमध्ये येत होता तो ‘ऑडिओ’ बटण दोनदा दाबून इंग्रजीवर आणला. दाजींनी मुद्दाम आबांसाठी पाठवलेली कुस्तीची डिस्क लागली. आबा पुढं सरकले, चष्मा पुसला, बघितलं.

‘ह्यो पैलवान म्हनं? निस्ता पडवळ हाय की रं.’

रुंद पडद्याची डिस्क चौकोनी टीव्हीत कोंबली की तालमीतली माणसं अशीच ताणून लांब दिसतात. सेटअप, टीव्ही शेप, १६:९ वरून ४:३ लेटरबॉक्स, एंटर. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि पैलवानाला मांड्या फुटल्या.